भिंतीतला पिंपळ आणि जोत्याखालची माती

घराच्या भिंतीत पिंपळ कुणी लावत नाही, तो उगवतो. देवळामागच्या पिंपळाची फळं खाऊन आलेली एखादी साळुंकी आपल्या गच्चीच्या कठड्यावर घटकाभर टेकते आणि मोहरीहून बारीक बी विष्ठेवाटे कठड्याच्या भेगेत पडतं. तिथे साठलेली धूळ, शेवाळ, सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यातून झिरपणारी ओल असा सगळा संसार आधीच मांडलेला असतो. जून-जुलैत दोन कोवळी तांबूस पानं दिसतात. पोरं कौतुक करतात, मोठी माणसं 'दिवाळीत रंग काढू तेव्हा बघू' म्हणतात. दुसऱ्या पावसाळ्यात रोप हातभर होतं. तिसऱ्या पावसाळ्यात घरातल्या कुणाला तरी आठवतं, की पिंपळ तोडू नये. त्यावर मुंजा असतो.

मग गवंडी नारळ मागतो, मजूर हात जोडून बाजूला होतो आणि घरमालक शेंडा तेवढा छाटून समाधान मानतो. छाटलेला पिंपळ आणखी जोमाने फुटतो, कारण त्याचा खरा जीव भिंतीच्या आत असतो. पिंपळ, वड, उंबर ही सगळी एकाच कुळातली मंडळी. दगडी वाडा असो, जांभ्याचं घर असो की चार मजली सोसायटी, या तिघांना जमीन लागतच नाही. कंबोडियातल्या ता प्रोमच्या मंदिरावर बसलेली अजस्र झाडं पाहायला जगभरातून लोक जातात. आपल्याकडे तोच देखावा जुन्या पेठांतल्या बोळाबोळांत फुकट दिसतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मूळ म्हणजे काही गिरमिट नव्हे. धडधाकट काँक्रीट फोडून मूळ आत शिरत नाही. त्याचं कोवळं टोक फार नाजूक असतं. ते ओलाव्याच्या वाटेने, असलेल्या फटीतून, निखळलेल्या दर्जांतून आत जातं. आत गेल्यावर मात्र ते वर्षागणिक जाड होतं आणि पाचर ठोकावी तशी भेग रुंदावत नेतं. थोडक्यात, मुळाला घरात बोलावतो तो आपला गळका पाइप. म्हणून अशा घरात आधी प्लंबर बोलवावा, मग गवंडी.

जमिनीतल्या झाडाची गोष्ट निराळी, आणि आपल्या देशावरच्या काळ्या मातीत तर फारच निराळी. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेताला पडलेल्या भेगांत काठी घातली तर ती सहज आत जाते. घर उभं असतं ते अशा श्वास घेणाऱ्या जमिनीवर. जोत्यालगत मोठं झाड असलं की ते उन्हाळ्यात त्या एका बाजूची माती जास्त कोरडी करतं, तो कोपरा खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. मुळाने पायाला हातही लावलेला नसतो. त्याने फक्त पाणी प्यालेलं असतं. इंग्लंडमध्ये १९७६ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा चिकणमातीवरची असंख्य घरं अशीच तडकली आणि विमा कंपन्यांना प्रथमच झाडांचा हिशेब मांडावा लागला. आपल्याकडे रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने याच मातीसाठी तळाशी फुगीर असलेले खोल खुंट काढले. ऋतूंप्रमाणे ओल कमीजास्त होते तो वरचा थर ओलांडून, साधारण साडेतीन मीटर खाली ते घट्ट बसतात. जुन्या घरांच्या नशिबी मात्र दगडमातीचा उथळ पाया असतो. बँकेत असताना घरकर्जाच्या शेकडो फायली नजरेखालून गेल्या. मूल्यमापकाच्या अहवालात फरशीचा रंगसुद्धा असायचा. दारातल्या झाडाचा उल्लेख कधी वाचल्याचं स्मरत नाही.

सोलापूरकडचे एक निवृत्त मास्तर माझ्या ओळखीचे. काळ्या मातीवर बांधलेलं घर, आणि स्वयंपाकघरापासून दहा-बारा फुटांवर त्यांच्या दिवंगत पत्नीने लावलेला कडुनिंब. भिंतीला बोट जाईल एवढा तडा गेला. मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, 'बाबा, झाड काढू, नाहीतर घर जाईल.' मास्तर म्हणाले, 'मग घर जाऊ दे.' बापलेकांचं बोलणं तिथेच थांबलं, ते सहा महिने.

तोडगा काढला तो एका म्हाताऱ्या ओव्हरसियरने. त्याने तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरमध्ये बसवली आणि तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते. मे महिन्यात रुंदावणारा आणि ऑगस्टमध्ये मिटू पाहणारा तडा मातीचा असतो. बारा महिने एकाच दिशेने वाढणारा असेल तर दुखणं दुसरं आणि जास्त गंभीर. मास्तरांचा तडा पहिल्या जातीचा निघाला. शिवाय मोरीबाहेरचं चेंबर फुटलेलं होतं आणि कडुनिंबाची केसांसारखी मुळं त्यात गुंतली होती. एक कोपरा झाडाने वाळवलेला, दुसरा चेंबरने भिजवलेला; मधल्या भिंतीने करायचं काय?

त्याने झाड तोडायला स्वच्छ नकार दिला. काळ्या मातीत वर्षानुवर्षं पाणी पिणारं झाड एकाएकी गेलं, की ते पाणी मातीतच राहतं, माती फुगते आणि खचलेलं घर आता वर उचललं जातं. तो तडा पहिल्याहून वाईट. चेंबर आणि पाइप नवे केले. जोत्याभोवती बाहेर उतार देऊन फरसबंदी केली, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरू नये. घर आणि झाड यांच्यामध्ये, जोत्याच्या जवळून, चर खणून त्यात जाड प्लास्टिकचा पत्रा उभा पुरला. मुळांचा मोठा भाग वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेला असतो, त्यामुळे पत्रा त्याहून खोल न्यावा लागतो. चर झाडापाशी मात्र खणू नये. खोडाच्या व्यासाच्या तीन ते पाच पट अंतराच्या आत जाड मुळं तोडली, तर पुढच्या वादळात झाडच घरावर येतं. झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी घालण्याचीही आपल्याकडे हौस आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते उगाच नव्हे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मास्तरांची काच शाबूत राहिली. मुलगा आता वरचेवर येतो. त्यात काचेचा वाटा किती आणि कडुनिंबाच्या सावलीचा किती, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

कायद्याचंही पाहायला हवं. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा मान मिळाला आहे. म्हणून शेजाऱ्याच्या वडाची मुळं आपल्या कुंपणात आली तर रात्री कुऱ्हाड काढू नये. आधी त्याच्याकडे चहाला जावं आणि मग दोघांनी मिळून अर्ज करावा.

नवं घर बांधणाऱ्यांनी वड, पिंपळ, उंबर आणि शोभेचा म्हणून आणलेला रबराचा वृक्ष यांना अंगणात जागा देऊ नये; झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं तरी अंतर राखावं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसायला देखणा, पण मुळं उथळ आणि वाऱ्यात उन्मळणारी. नारळाचं बरं असतं. त्याची मुळं दोरीसारखी असतात आणि वयाबरोबर जाड होत नाहीत. त्याच्यापासून भीती असते ती पायाला नाही, डोक्याला. आणि भिंतीतल्या त्या दोन पानांसाठी योग्य वेळ पहिला पावसाळा. भेग ओली असते, रोप मुळासकट चिमटीत येतं. मन मानत नसेल तर ते कुंडीत लावून गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर नेऊन द्यावं. तिथे मुंजालाही जागा ऐसपैस मिळते.