वणव्याची खबर धुऱ्यापर्यंत

फेब्रुवारी लागला की वाशिम जिल्ह्यातल्या टेकड्यांवरचा साग पानं टाकू लागतो. मालेगाव, मानोरा, कारंजा भागातली शुष्क पानझडी जंगलं उघडी पडतात आणि जमिनीवर कोरड्या पाचोळ्याचा थर साचतो. वन विभागाच्या हिशेबात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. याच दिवसांत शेजारच्या वावरातला हरभरा आणि गहू निघतो, उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग पडतात आणि शेतकरी धुरे, म्हणजे वावराचे बांध, साफ करायला घेतो. वाळल्या गवतासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आगपेटीतली एक काडी. वारा फिरला की धुऱ्यावरची आग जंगलात शिरते.

सलग, मोठं अरण्य वाशिमच्या वाट्याला आलेलं नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, तूर आणि कपाशीचा. जंगल उरलंय ते तुकड्यातुकड्यांनी, शेतीच्या वेढ्यात.

वणव्याचं शास्त्र या तुकड्यांपर्यंत पोचतं ते आकाशातून. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीचे इशारे देते. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण एक किलोमीटरच्या चौकोनात उष्णता टिपतं. पुढे सुओमी एनपीपी या उपग्रहाची माहिती मिळू लागली आणि चौकोन ३७५ मीटरचा झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून आलेले उष्णतेचे हे ठिपके डेहराडूनला वनक्षेत्राच्या नकाशावर ठेवून पाहिले जातात. ठिपका ज्या बीटमध्ये पडला, तिथल्या वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश जातो. जानेवारी २०१९ मध्ये या यंत्रणेची तिसरी, अधिक वेगवान आवृत्ती सुरू झाली.

काम मोठं आहे, पण त्याची मर्यादाही वनरक्षकाला आणि गावाला नीट समजायला हवी. ३७५ मीटरचा चौकोन म्हणजे सुमारे १४ हेक्टर, जवळजवळ ३५ एकर. संदेशातले अक्षांश-रेखांश त्या चौकोनाच्या मध्याचे असतात. आग त्याच्या कोणत्याही कोपऱ्यात असू शकते. वाशिमसारख्या ठिकाणी या ३५ एकरांत दोन-तीन वावरं, नाला आणि सागाची पट्टी असं सगळंच येतं. शिवाय सुओमी एनपीपी एका ठिकाणावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. दुपारी चारला पेटून सातला विझलेली आग त्याला दिसत नाही. आणि वनक्षेत्राबाहेरचे ठिपके गाळले जात असल्याने धुऱ्यावर पेटलेली काडी, म्हणजे मूळ कारण, इशाऱ्याच्या यादीत येतच नाही. तिची खबर फक्त माणूस देऊ शकतो.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या ७९व्या कलमाने जंगलात हक्क असणाऱ्यांवर आगीची माहिती देण्याचं आणि ती विझवायला मदत करण्याचं बंधन घातलं आहे. गावाला काय सांगायचं, याबद्दल ते कलम काही बोलत नाही. पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांतही सांगण्याची ही बाजू अशक्तच राहिली.

सांगण्यासारखं तर पुष्कळ आहे. जमिनीलगतच्या आगीतून जाड सालीचा मोठा साग वाचतो, म्हणून जंगल सावरलं असं वाटतं. पण खालची रोपं जातात, म्हणजे पुढची पिढी जाते. तित्तरांची जमिनीवरची घरटी जातात. पाचोळा जळून उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात नाल्याला लागते. काटेपूर्णा अभयारण्य अकोला आणि वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं आहे आणि काटेपूर्णा धरणाचं पाणी अकोला शहर पितं. मालेगावच्या टेकडीवरची आग त्यामुळे अकोल्याच्या नळाचाही विषय ठरते.

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याची गोष्ट वेगळी. सुमारे १८ चौरस किलोमीटरचं हे मुख्यतः गवताळ रान. इथलं गवत दिवाळीनंतरच वाळू लागतं, त्यामुळे धोका फेब्रुवारीची वाट पाहत नाही. माळरानाला पडीक समजण्याची आपली सवय जुनी आहे. कारंज्याची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन अकोला-वाशिमची माळरानं आणि तिथला अतिदुर्मिळ तणमोर जपण्यासाठी झटते. पक्षी कुठे उतरतो, गवत कुठे दाट येतं, हे पारध्यांना पिढ्यांपासून ठाऊक. शास्त्र गावात नेताना गावातलं शास्त्र बाहेर आणणंही तितकंच गरजेचं आहे, हे या कामातून दिसतं.

खरा पेच वावरात आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली, तेव्हापासून कृषी खात्याचा आग्रह वाढला: फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणीनंतर कपाशी लांबवू नका, पऱ्हाट्या वेळेत काढून नष्ट करा. सल्ला बरोबरच आहे. पण पऱ्हाट्यांचा भुगा करणारं श्रेडर यंत्र हाताशी नसेल, तर नष्ट करणं म्हणजे पेटवणं, असाच अर्थ लागतो. वन विभाग सांगतो, पेटवू नका. दोन खात्यांचे दोन सल्ले एकाच शेतकऱ्याच्या पदरात पडतात आणि मधला मार्ग त्यानेच शोधायचा.

पेच वेगळा होता, पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने आगीवरचा मार्ग स्वतः शोधला. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण चांगल्या पानांसाठी झाडं छाटली जातात आणि जंगल पेटवलं जातं. हक्काचं उत्पन्न सोडणं सोपं नव्हतं. गावाने कारण समजून घेऊन ते सोडलं.

कारण समजावून देण्याचं हे काम यंत्रणाही करू शकते. अमेरिकेने १९९८ मध्ये वणव्यांच्या संशोधनासाठी संयुक्त कार्यक्रम सुरू केला. नंतर त्यातूनच प्रदेशवार केंद्रं उभी राहिली. संशोधकाचा निष्कर्ष जंगल सांभाळणाऱ्याला कळेल अशा भाषेत पोचवणं आणि त्याच्या अडचणी संशोधकाकडे नेणं, हे त्यांचं काम. वाशिमला त्यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. रिसोड तालुक्यात करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, शेजारी अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, गावोगाव कृषी सहायक आहेत, वन समित्या आहेत. जानेवारीतच कृषी सहायक आणि वनरक्षक यांनी जंगलालगतच्या गावात एकत्र बसावं, श्रेडर कुठून मिळेल ते सांगावं आणि धुरा पेटवण्याआधी कोणाला कळवायचं ते ठरवून घ्यावं.

वाचकांनीही एवढं करावं. वन सर्वेक्षण संस्थेच्या यंत्रणेत कोणीही मोबाइल क्रमांक नोंदवून आपल्या भागातल्या आगीचे इशारे मागवू शकतो. आणि महाराष्ट्र वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे १९२६. धूर दिसला की आधी हा क्रमांक लावा, फोटो नंतर काढा.