तेरची पांढरी आणि लामतुऱ्यांचा संग्रह

मांजरसुंब्याच्या चौकात वाटा फुटतात. एक पाटोद्याकडे, एक केजमार्गे अंबाजोगाईकडे. धुळे-सोलापूर महामार्ग मात्र चौसाळा, येरमाळा घेत धाराशिवला उतरतो. धाराशिवहून वीसेक किलोमीटरवर तेरणेकाठी तेर आहे. बहुतेक लोक तिथे जातात ते संत गोरा कुंभार म्हणजेच गोरोबाकाकांच्या समाधीला. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे पुराणवस्तू संग्रहालय आहे. आज ते सरकारी आहे, पण मूळ संग्रह एका गावकऱ्याने हौसेने जमवलेला.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. तिथून साधे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जाई. हे तगर नेमके कुठले, यावर अभ्यासकांत वाद होता. दौलताबाद, जुन्नर अशी नावे पुढे येत. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे मांडले.

अशा गावाची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती, पावसात धुपली की मणी, नाणी, खापरे वर येतात. पोरे त्यांच्याशी खेळतात आणि खेळून झाले की फेकून देतात. लामतुऱ्यांनी या वस्तू गोळा केल्या, जपल्या. संग्रहाचा लौकिक पुढे इतका वाढला की ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

इथे पाहायची पहिली वस्तू म्हणजे वीतभरही नसलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. अंगावर वस्त्रापेक्षा दागिनेच जास्त. तिची थोरली बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेली होती. अशा मूर्ती आरशाच्या मुठी असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात.

दुसरी वस्तू म्हणजे केओलिनच्या पांढुरक्या मातीच्या बाहुल्या. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात काढायचा आणि दोन्ही ओलसर असतानाच जोडायचे, ही त्यांची रीत. बाहुली आतून पोकळ राहते, आणि कडेने नीट पाहिले तर सांधा दिसतो. या दुहेरी साच्यामागे रोमन जगाशी आलेला संबंध असल्याचे मानले जाते. गोरोबांच्या गावी मातीकाम त्यांच्याही हजारभर वर्षे आधी या थराला पोहोचले होते.

व्यापाराचा ओघ पश्चिमेलाच होता असे नाही. थायलंडमध्ये बान दोन ता फेत इथे भारतीय धाटणीचे अकीक, कार्नेलियनचे मणी निघाले आहेत. चान्सेनला भारतीय शैलीची कोरीव हस्तिदंती फणी मिळाली. थायलंडच्याच क्राबी प्रांतात ख्लोंग थोमच्या विहारात एका महंतांनी जवळच्या टेकडीवरचे मणी जमवून संग्रहालय उभे केले. लामतुऱ्यांचेच काम, फक्त देश वेगळा.

अशा संग्रहांची एक उणीव असते. पावसाने उघडी पडलेली वस्तू उचलली की ती वाचते, पण कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे कळत नाही. मग तिचा काळ शैलीवरून ठरवावा लागतो. ही उणीव काही अंशी उत्खननाने भरून काढली. १९५८ साली बा. ना. चापेकरांनी इथे खणून थर मोजले, तेव्हा कुठे कपाटातल्या वस्तूंना कालक्रमाचा आधार मिळाला. तरी उत्खननाचे खड्डे मोजके असतात, आणि पाऊस साऱ्या पांढरीवर पडतो. लामतुरे नसते, तर थरांचा हिशेब हाती असूनही दाखवायला फार थोडे उरले असते.

संग्रहालय पाहून झाले की त्रिविक्रम मंदिर चुकवू नये. मागची बाजू अर्धगोल असलेले हे विटांचे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे मानले जाते. कपाटातल्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या गावात इमारती कशा होत्या, हे तिथे उभे राहून पाहता येते.