खड्डा कुठे आणि किती खोल

सोलापूर जिल्ह्यात वराहपालन करणारे थोडे. पण शेडमध्ये डुक्कर मरून पडलं की त्यांची अडचण गाई-म्हशी पाळणाऱ्यांसारखीच असते: आता हे न्यायचं कुठे?

'गावाबाहेर टाका' हे जुनं उत्तर गिधाडांच्या भरवशावर होतं. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मेली. जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर उशीर झाला होता. आता येतात ती भटकी कुत्री, आणि ती तुकडा ओढत थेट शेजारच्या गोठ्यापर्यंत नेतात. शिवाय मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम एकाच समाजाच्या माथी मारलेलं होतं. मेलेल्या जनावराची विल्हेवाट मालकानंच लावावी, हा आग्रह १९२७ साली महाडच्या परिषदेत धरला गेला तो उगाच नव्हे.

तेव्हा आधी हात लावायचा नाही, १९६२ या क्रमांकावर फोन करायचा किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. जनावर अचानक मेलं असेल, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर फाशी रोगाचा संशय धरायचा. अशा वेळी पोट फाडणं म्हणजे रोगाला वाट करून देणं. हवा लागली की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि मातीत कित्येक वर्षं टिकतात. डुकरांत दुसरी धास्ती आफ्रिकन स्वाईन फीवरची. २०२० साली तो आसाम आणि अरुणाचलमार्गे देशात आला. माणसाला तो होत नाही, पण मेलेल्या डुकराच्या रक्तामांसात त्याचा विषाणू दीर्घकाळ जिवंत राहतो. नमुना डॉक्टरच घेतात, अंतिम निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत होतं.

आता खड्डा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जेसीबी सरसर खोल जातो, पण उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात-हात भेगा पडतात. वास त्यातून वर येतो, आणि वळवाचं पाणी त्यातून खाली जातं. माळावर उलट: वीतभर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि तीन फुटांवरच बकेट खरवडायला लागतं. उजनीच्या कालव्याच्या पट्ट्यात तर पाणीच वर आलेलं असतं. म्हणून आधी एक खोल चर काढून थोडा वेळ तसाच ठेवावा. तळाला पाझर दिसला की ती जागा सोडावी. विहीर, बोअर, ओढा यांपासून लांब, उंचवट्यावरचा कोपरा बरा.

एका मोठ्या जनावरासाठी साधारण सात फूट लांब, पाच फूट रुंद आणि सहा-आठ फूट खोल खड्डा लागतो. त्यात पाच मोठी डुकरं मावतात. शव जमिनीवरून फरफटत न्यायचं नाही, ताडपत्रीवर घ्यायचं. खालचं अंथरूण, गव्हाणीतलं उरलेलं खाद्यही त्याच खड्ड्यात. वर कळीचा चुना. 'चुन्यानं जनावर विरघळतं' हा समज चुकीचा. उलट कुजणं मंदावतं. पण वास आणि कुत्री आवरतात, म्हणून तो टाकायचा. शवावर किमान तीन फूट माती, वर ढीग, कारण ती खचते; आणि ढिगावर बाभळीच्या काट्या.

डुकरिणीखाली चेंगरून मेलेल्या पिलांसाठी दर वेळी खड्डा परवडत नाही. तिथं कंपोस्ट चालतं: फूटभर उसाच्या पाचटाचा थर, त्यावर पिलं, वर दोन फूट पाचट आणि शेण. आपल्याकडच्या उन्हात ढीग वाळतो, पाणी शिंपडत राहावं लागतं. साथीच्या संशयात मात्र हा मार्ग नको.

पुरून झाल्यावर शेड, फावडी आणि बूट धुऊन ब्लीचिंगच्या द्रावणानं निर्जंतुक करायचे. आणि विमा असेल तर बुजवण्याआधीच पंचनामा आणि कानातल्या बिल्ल्यासकट फोटो. बिल्ला कापून ठेवायचा की नाही, तेही डॉक्टरांना त्याच वेळी विचारून घ्यावं.