पंखा कोणत्या अंगाने फिरतो?

गेल्या पावसाळ्यात निपाणीस आमच्या मामांच्या घरी दोनदा जाणे झाले. पहिल्या खेपेस गेलो तो त्यांची प्रकृती पाहायला, आणि परतलो तो एका विमानावरून आजा-नातवात पेटलेला वाद ऐकून.

मामांचे वय आता अठ्ठ्याऐंशी. उजवा हात सारखा थरथरतो. चहा बशीत ओतून द्यावा लागतो. साठाहून अधिक वर्षांमागे ते एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिकचे मदतनीस होते, आणि टायगर मॉथ विमानांचे पंखे हाताने ओढून इंजिन चालू करून देणे हे त्यांचे नित्याचे काम. हजारो वेळा पंखा ओढला असेल; विमानात मात्र एकदाही बसले नाहीत. मदतनिसाला कोण बसवणार?

नातू बेळगावात संगणकाचे शिक्षण घेतो. सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान चालविण्याची सोय. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर 1982 पासून आहे आणि 2020 च्या आवृत्तीपासून त्यात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून साऱ्या पृथ्वीची जमीन उमटते. अमेरिकेचे पहिल्या महायुद्धातील शिकाऊ विमान, कर्टिस जेनी, त्या कंपनीनेच 2022 साली त्यात आणले. ‘मग आपल्या आज्जाचं विमान का नको?’ असे म्हणून हा मुलगा टायगर मॉथ घडवीत बसला.

हे विमान इंग्लंडात डी हॅविलंड कंपनीने बनविले आणि 26 ऑक्टोबर 1931 रोजी ते प्रथम उडाले. पुढे आठ हजारांवर विमाने बांधली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धातील असंख्य वैमानिकांनी, आपल्या हवाईदलातील मंडळींनीही, उड्डाणाचे पहिले धडे त्यावर गिरविले. एकावर एक दोन पंख, मध्ये दांडे आणि तारा. दोन उघड्या बैठका. पुढे शिक्षक, मागे शिष्य. बोलणे रबरी नळीतून. ब्रेक नाहीत, शेपटाखाली चाक नाही, नुसती एक घसरपट्टी. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यावर, आणि तिच्या डोक्यावरच्या काचेच्या नळीत तरंगणारा खुंट सांगेल तेवढे पेट्रोल! बॅटरी नाही, म्हणून स्टार्टरही नाही. कोणीतरी समोर उभे राहून पंखा ओढलाच पाहिजे.

आणि वाद पेटला तो इथेच. नातवाने कौतुकाने पडदा आज्जांपुढे केला, एक कळ दाबली, इंजिन धडधडू लागले. मामा चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हा पंखा उलटा फिरतोय.”

“आज्जा, सगळ्या विमानांचा असाच फिरतो.”

“सगळ्यांचं मला काय सांगतोस? माझ्या ह्या अंगानं खाली यायचा.” आणि त्यांनी तो थरथरता उजवा हात डोक्याच्या वर नेऊन खाली ओढला. एकदा नव्हे, तीन-चारदा. मामी आतून ओरडल्या, “अहो, सलाईनची सुई लागली होती त्या हाताला!”

मुलगा मनातून खट्टू झाला. सहा महिन्यांची मेहनत होती. “वय झालं आता त्यांचं,” असे मला तो दारापर्यंत पोचवताना हळूच म्हणाला, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. मामांना हल्ली माझे नाव आठवायलाही वेळ लागतो.

पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. आज्जा बरोबर होते. त्याने मॉडेलचा पाया म्हणून एका अमेरिकन इंजिनाची तयार आकडेवारी घेतली होती. अमेरिकन पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. टायगर मॉथचे जिप्सी मेजर इंजिन त्याच्या उलट. समोर उभ्या असलेल्या माणसाला तो आपल्या उजव्या अंगाने खाली येताना दिसणार, मामांनी दाखविला तसाच. वाचकांस ही बारीक गोष्ट वाटेल, पण तशी ती नाही. पंखा ज्या दिशेने फिरतो त्यावर धावताना विमानाचे नाक कुठे वळणार हे ठरते. अमेरिकन विमान डावीकडे ओढते, टायगर मॉथ उजवीकडे. म्हणजे वैमानिकाने पाय कोणता दाबायचा तेच बदलले. दिसायला हुबेहूब आणि चालवायला भलतेच, असे ते विमान झाले होते.

दुसऱ्या खेपेस मी मुद्दाम गेलो. मुलाने पुष्कळ दुरुस्त्या केल्या होत्या. इंजिन मंद करून उतरताना तारांमधून वारा शीळ घालतो, वेगाबरोबर तिचा सूर चढतो-उतरतो, आणि जुने वैमानिक त्या सुरावर वेग ओळखीत, हे मामांनी सांगितले. तो आवाजही घातला. तिरके वळण घेण्याच्या झडपा फक्त खालच्या पंखांवर असतात, तेही बघून घेतले. विमान सांबऱ्याच्या विमानतळावर ठेवले होते. हा तळ 1942 मध्ये ब्रिटिश हवाईदलाने उभारला; समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंच, म्हणून विरळ हवेत एकशेतीस अश्वशक्तीच्या इंजिनाला थोडी धाप लागते. धावपट्टी सोडून त्याने विमान शेजारच्या गवतावर उभे केले. घसरपट्टीला गवतच मानवते.

मला उडवायला बसवले. उजवीकडे भरकटत कसाबसा वर गेलो. हिडकलचे पाणी, हत्तरगी, संकेश्वर, हिरण्यकेशीचे वळण. अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळात निपाणीची तंबाखूची शेते आली आणि मी एका शेतात नाक खुपसून उतरलो. मामा हसले नाहीत. “पंखा मोडला,” एवढेच म्हणाले.

आपल्या हवाईदलाने एक टायगर मॉथ दुरुस्त करवून 2012 साली हवाईदल दिनी पुन्हा उडविले, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. टायगर मॉथची जागा ज्या एचटी-2 ने घेतली, त्या 1951 साली प्रथम उडालेल्या विमानाचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे, गटिंगनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले, आपले मराठी गृहस्थ. त्यांचे नाव मात्र मामांनी मला सांगितले. माणसांची नावे विसरणाऱ्या मामांनी!

“आज्जा, आता तुम्ही उडवा,” मुलगा म्हणाला. त्यांनी मान हलवली. “मला समोरनं दाखव.”

मुलाने दृश्य फिरविले. आता विमान आमच्याकडे तोंड करून उभे होते. कळ दाबून इंजिन सुरू होण्याची सोय त्याने काढून टाकली होती. समोरच्या माणसाने ओढल्याखेरीज पंखा हलायचा नाही. “स्विचेस ऑफ,” मामा म्हणाले. चार वेळा पंखा सावकाश ओढून झाला. “कॉन्टॅक्ट.” मुलाने माऊस खाली ओढला. इंजिन दोनदा खोकले आणि पेटले. आणि मामांनी खुर्चीत बसल्याबसल्या एक पाऊल मागे घेतले व दुसऱ्या हाताने मलाही मागे सारले.