रविवारची प्रार्थना, सोमवारची रांग

मतदारयादीत नाव घालणे ही आपल्याकडे काही मर्दुमकीची गोष्ट समजत नाहीत. अठरा वर्षे पुरी झाली, नमुना ६ भरला, राहत्या जागेचा पुरावा जोडला, की काम झाले. नाव आले तरी मतदानाच्या सुट्टीला जोडून लोणावळा गाठणारी मंडळी प्रत्येकाच्या ओळखीत निघतातच. म्हणूनच अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील सेल्मा या गावाची हकिगत सांगावीशी वाटते. तिथे १९६५ साली एवढ्याशा कामासाठी बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, कॅथलिक, ग्रीक ऑर्थोडॉक्स, ज्यू अशा नाना पंथांची माणसे एका रस्त्यावर उतरली, आणि त्यांतल्या काहींनी प्राण दिले.

वर्णामुळे कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असे अमेरिकेच्या घटनेने १८७० सालीच म्हटले होते. पण घटना वॉशिंग्टनात आणि नोंदणीचे टेबल सेल्माच्या कचेरीत! ही कचेरी नोंदणीसाठी महिन्यातून दोनच दिवस, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी, उघडी असे. अर्ज लांबलचक, त्यात राज्यघटनेवरचे प्रश्न, शिवाय यादीत आधीच असलेल्या कोणीतरी हमी द्यायची. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणार गोरा अधिकारी. त्यातून रांगेत उभा असलेला माणूस मालकाच्या नजरेस पडला, तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली म्हणून समजावे. मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय त्या जिल्ह्यात होते. यादीत जेमतेम तीन-साडेतीनशे.

इथे आपल्या घटनाकारांची आठवण होते. सर्व प्रौढांना मत द्या, हा आग्रह डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढेच धरला होता. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत लक्षावधी निरक्षर मतदारांनी बैलजोडी, झोपडी अशी चित्रे पाहून मते दिली. सेल्माच्या पुलावर दंडुके चालले, तोवर आपल्याकडे अशा तीन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या.

सेल्मात गाडी अडली होती अक्षरांपाशी. मराठीच्या मास्तराला या हकिगतीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटावा, यात नवल नाही. सेप्टिमा क्लार्क या दक्षिण कॅरोलिनातल्या शिक्षिका. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेचे सभासदत्व सोडायला नकार दिला, म्हणून १९५६ साली त्यांची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी जॉन्स बेटावर त्यांच्या प्रयत्नाने प्रौढांचा पहिला वर्ग निघाला, तो एका दुकानाच्या मागल्या खोलीत. शिकवायला होत्या त्यांच्याच नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन, व्यवसायाने केशरचनाकार. आधी स्वतःची सही, मग मनिऑर्डर, मग मतनोंदणीचा अर्ज, असा अभ्यासक्रम. पुढे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेने हे काम हाती घेतले आणि जॉर्जियातल्या एका चर्चच्या केंद्रात गावोगावचे शिक्षक तयार होऊ लागले. खुद्द सेल्मात अमेलिया बॉइंटन आणि त्यांचे पती तर १९३० च्या दशकापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांना अर्ज भरायला शिकवीत होते. मोर्चाची छायाचित्रे जगभर छापली गेली. या वर्गांची कोण छापतो!

वर्ग आणि सभा भरायच्या कोठे? शाळा सरकारी, दिवाणखाने गोऱ्यांचे. चर्च मात्र कृष्णवर्णीयांनी आपल्या वर्गणीतून उभे केलेले, पाद्रीही त्यांनीच पोसलेला. जुलै १९६४ मध्ये स्थानिक न्यायाधीशाने या चळवळीच्या तिघांनी एकत्र जमण्यावरही बंदी घातली. ती मोडून २ जानेवारी १९६५ रोजी डॉ. किंग यांची सभा झाली, तीही ब्राउन चॅपेल या मेथॉडिस्ट चर्चमध्येच.

फेब्रुवारीत शेजारच्या मॅरियन गावी जिमी ली जॅक्सन हा सव्वीस वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने गेला. तो आपल्या बॅप्टिस्ट चर्चचा सेवेकरी होता. ७ मार्चच्या रविवारी सुमारे सहाशे माणसे राजधानी माँटगोमेरीकडे पायी निघाली. एडमंड पेटस पूल ओलांडताच पोलिसांनी अश्रुधूर सोडून त्यांना झोडपले. बॉइंटनबाई बेशुद्ध पडल्या. त्या रात्री दूरचित्रवाणीवर नाझींच्या न्यूरेंबर्ग खटल्यावरचा चित्रपट चालू होता. तो थांबवून ही दृश्ये दाखवली गेली.

दुसऱ्याच दिवशी डॉ. किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना तारा केल्या : सेल्माला या. आणि ते आले! सेंट लुईसहून कॅथलिक जोगिणी आपल्या पायघोळ वेषात आल्या. बोस्टनचे युनिटेरियन पाद्री जेम्स रीब आले. ९ मार्चच्या रात्री त्यांना मारहाण झाली आणि दोन दिवसांनी ते वारले. त्यांच्या स्मृतिसभेला ग्रीक ऑर्थोडॉक्स आर्चबिशप याकोवोस डॉ. किंग यांच्या शेजारी उभे राहिले. २१ मार्चला अखेरचा मोर्चा निघाला, तेव्हा पहिल्या रांगेत पांढऱ्या दाढीचे रब्बी एब्रहॅम हेशेल होते. वॉर्सात जन्मलेल्या या गृहस्थाची आई आणि बहिणी नाझींच्या काळात बळी गेल्या होत्या. त्या दिवशी आपले पायच प्रार्थना करीत होते, असे त्यांनी पुढे म्हटले. रांगेतल्या पुढाऱ्यांच्या गळ्यात हवाई बेटांवरून आलेल्या फुलांच्या माळा होत्या. चौपन्न मैल, पाच दिवस. आपल्या वारकऱ्यांना हे अंतर विशेष वाटणार नाही. पण त्यांच्या वाटेवर बंदुका नसतात. शेवटचा मुक्काम एका कॅथलिक संस्थेच्या आवारात पडला.

सगळेच धार्मिक लोक आले, असे मात्र नाही. सेल्मातल्या गोऱ्यांच्या एपिस्कोपल चर्चने मिश्र मंडळींना प्रथम दारातूनच परत पाठवले. मोबाइलच्या कॅथलिक आर्चबिशपांना जोगिणींचे येणे मुळीच रुचले नाही, आणि सेल्मात वर्षानुवर्षे कृष्णवर्णीयांच्या बाजूने उभे राहिलेले फादर मॉरिस वेलेट यांना त्याच उन्हाळ्यात गाव सोडावे लागले. परगावचा धर्मगुरू चार दिवस येऊन जातो. गावातल्याला तिथेच नांदायचे असते, हेही खरे. म्हणून मला वेलेट अधिक मोठे वाटतात.

धर्माची माणसे निवडणुकीत उतरली म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो, आणि तो रास्त आहे. आपला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा धर्माच्या नावाने मत मागणे भ्रष्ट आचरण मानतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चारास तीन अशा बहुमताने, मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही त्यात धरले. ते प्रकरण मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातले होते. सेल्मातल्या मोर्चाने कोणा उमेदवारासाठी मत मागितले नव्हते. मत देऊ द्या, एवढेच त्याचे मागणे होते.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला. अक्षरपरीक्षा गेली, संघ सरकारचे नोंदणी अधिकारी सेल्मात येऊन बसले. मे १९६६ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक लागली. रांगेतल्या माणसांना ढकलणारा, मारणारा शेरीफ जिम क्लार्क पुन्हा उभा होता. कृष्णवर्णीय वस्तीतल्या सहा मतपेट्या जिल्हा पक्षसमितीने बाद केल्या. प्रकरण न्यायालयात गेले, पेट्या मोजाव्या लागल्या, आणि क्लार्क पडला.