गोळी निवडते बंदूक

1 ऑगस्ट 2024 रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. त्याच्या गावावर, रेल्वेतल्या नोकरीवर रकानेच्या रकाने छापून आले. आमच्या संपादकांनी मात्र भलतंच विचारलं, ‘‘या खेळात गोळी कोण निवडतं हो?’’

बंदूक निवडते.

मोठ्या बोअरच्या रायफली चालवणारे हौशी, विशेषतः अमेरिकेतले, झाडलेल्या पुंगळीत नवी टोपी, तोलून दारू आणि नवी गोळी बसवून आपल्या नळीला मानवेल असं काडतूस घरीच बेततात. ऑलिंपिकच्या .22 रायफलीला ती मुभा नाही. तिच्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. ठोका बसून कड चेपली की पुंगळी भंगारात. त्यामुळे कारखान्याच्या तयार मालातून लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं, वेचणं, एवढंच हाती उरतं. जर्मनीत श्योनेबेकला लापुआ या काडतूस-कंपनीची आणि इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ एली या कंपनीची चाचणी-रेंज त्यासाठीच आहे.

मला मोह पडला तो तिथल्या शिकंज्याचा. दस्ता उतरवून नुसती नळी आणि यंत्रणा जड बैठकीत आवळतात. नेमबाजाचा श्वास, नाडी, खांदा, सगळं वजा! एका लॉटच्या दहा गोळ्या झाडायच्या, पडद्यावरचे दहा ठिपके बघायचे, मग दुसरा लॉट. नऊ ठिपके एकमेकांवर चढलेले आणि दहावा खाली घसरलेला दिसला की तो लॉट बाद. हा कडकपणा उगाच नाही. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलीमीटरचं. गोळी निघते सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने. त्यात दहा मीटरची घट झाली, तर 50 मीटरवर ती सुमारे सात मिलीमीटर खाली लागते. नेमबाजाचं काहीही चुकलेलं नसताना गुण जाऊ शकतो. आणि एका नळीला लाडका असलेला लॉट शेजारच्या नळीला मुळीच रुचत नाही.

लॉट ठरला तरी झिरो करणं, म्हणजे नेम आणि ठिपका जुळवणं, राहतंच. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही स्थितींत बंदूक वेगळी उसळते, गाल वेगळा टेकतो. म्हणून सायटर, म्हणजे गुणांत न धरलेल्या गोळ्या, झाडून नेमपट्टीचे क्लिक बदलावे लागतात. किती क्लिक, ते वहीत टिपलेलं असतं.

खरी रड पुढे आहे. लॉट संपला की तसाच पुन्हा मिळेल याची खात्री नाही, म्हणून आवडला की एकदम भरपूर उचलावा लागतो. आपल्याकडे स्पर्धेची चांगली काडतुसं बाहेरून येतात. परवाना, आयात, कस्टम्स आणि युरोचा भाव या चाळणीतून. नळी घेऊन जर्मनी गाठणं कितीजणांना परवडणार? क्लबातली पोरं आलेल्या खोक्यांवरच भागवतात आणि वाईट ठिपक्याचा दोष स्वतःच्या हाताला देतात.

तेव्हा सत्कार समित्यांनो, पुढच्या खेपेला शाल-श्रीफळाआधी पोराला त्याच्या बंदुकीचा लॉट विचारा, आणि जमतील तेवढ्या खोक्यांचं बिल भरून टाका.