पोट कढत, पाय गार

सात-आठ महिन्यांचं बाळ किरकिरतंय. पोटाला हात लावावा तर कढत, तळपाय मात्र गार. ‘थंडी वाजतेय त्याला,’ असं म्हणत आजी टोपडं, मोजे, दुपटं चढवते. आजीचं निरीक्षण बरोबर आहे. उपाय मात्र उलटा पडतो.

अंगातली उष्णता किती असावी हे मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरवतो. जंतुसंसर्ग झाला की तिथे प्रोस्टाग्लॅंडिन ई-२ हे रसायन वाढतं आणि ३७ अंश सेल्सिअसऐवजी, समजा, ३९ अंश हे लक्ष्य ठरतं. ते गाठायला शरीर उष्णता राखून ठेवू लागतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पाय गार; स्नायू थरथरतात, म्हणून हुडहुडी. अशा वेळी गुंडाळलं तर ताप आणखी चढतो. बर्फाच्या पाण्याने पुसलं तर हुडहुडी वाढते आणि बाळ हैराण होतं. एक सुती झबलं पुरे. दूध मात्र पुन्हा पुन्हा पाजावं.

पॅरासिटामॉल ते रसायनच कमी करतं, म्हणून ताप उतरतो. पण औषध द्यायचं ते बाळाला बरं वाटावं म्हणून. शांत झोपलेल्या बाळाला निव्वळ थर्मामीटरचा आकडा पाहून उठवू नये. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, दिवसभरात चारच वेळा. घात होतो तो बाटलीच्या गोंधळाने. थेंबांच्या औषधात बहुधा एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात, सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये कुठे १२०, कुठे २५०. आठ किलोच्या बाळाला थेंबांचं एक मिलिलिटर पुरतं. सिरप समजून तेच चमचाभर पाजलं तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. म्हणून लेबल वाचा, सोबतच्या ड्रॉपरनेच मोजा आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊच नये.

तीन महिन्यांखालच्या बाळाची गोष्टच वेगळी. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की घरी औषध न देता तडक दवाखाना गाठावा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. मोठं बाळही दूध तोंडात घेईना, लंगोट तासन्‌तास कोरडा राहिला, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली किंवा हलवूनही नीट जागं होईना, तर आकडा कितीही असो, थांबू नये.

तापात आकडी आली की घर हादरतं. बाळाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णालयात न्या. पहिलीच असेल, तर थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.